सांत आंतोनचे अकरा मंगळवार

त्या वर्षी माझ्या वडिलांचा उजवा हात गेला. गेला म्हणजे होता जागेवरच, पण ब्रश धरला की थरथरायचा. गणपतीचा डोळा एका दमात काढावा लागतो. वडिलांची रेघ पापणीपाशी येऊन डगमगायची, मग ते ब्रश खाली ठेवून नुसते बसून राहायचे. मूर्तीचे डोळे काढायचं काम असं माझ्याकडे आलं. सत्तरचं दशक नुकतं लागलं होतं आणि मी तिशीत होतो. माणूस म्हातारपणी थकतो म्हणतात. मी त्या उन्हाळ्यात थकलो, आणि तो थकवा नंतर कधी पूर्ण गेलाच नाही.

आमचा कारखाना नागपुरात, चितार ओळीत. कारखाना म्हणजे पुढची एक लांब खोली, मागे मातीचा हौद आणि वर टिनाचं छप्पर. गणपती, दुर्गा, पोळ्याचे बैल, पोळ्यानंतर निघणाऱ्या मारबतीच्या पुतळ्यांचं जे पडेल ते, हेच आमचं काम. ख्रिस्ती लोकांचं काम आमच्याकडे कधी आलं नव्हतं.

होळी होऊन आठ-दहा दिवस झाले असतील. एक सायकल रिक्षा दारात थांबली. आत पांढऱ्या झग्यातले एक फादर बसले होते आणि चादरीत गुंडाळलेलं काहीतरी त्यांनी दोन्ही हातांनी धरलं होतं. आजारी माणसाला दवाखान्यात न्यावं, तसं. चादर काढली तर आत प्लास्टरची मूर्ती. साधारण पाच वर्षांच्या पोराएवढी उंच. काळा झगा, कमरेला दोरी, डोक्यावर टक्कल आणि भोवती केसांचं कडं. डाव्या हातात पुस्तक आणि त्या पुस्तकावर बसलेलं एक लहान मूल. चर्चला चुना मारताना वरून बांबू निसटून मूर्तीवर पडला होता. उजवा हात मनगटापासून गेला होता, नाक गेलं होतं, मुलाच्या डोक्याचा एक टवका उडाला होता आणि छातीवर मोठी भेग होती.

"ये संत अंतोनी है," फादर म्हणाले. ते केरळकडचे, हिंदीतच बोलायचे. "तेरा जून को इनका दिन है। तब तक हो जाएगा?"

मी नाही म्हणणार होतो. गणपतीचे साचे भरायचे होते, आणि काम करणारे हात आता दोनच उरले होते. पण वडिलांनी मूर्तीच्या भेगेवरून डाव्या हाताचं बोट फिरवलं आणि म्हणाले, "होऊन जाईन."

मूर्ती आम्ही भाताच्या तणसावर आडवी ठेवली आणि वर पोतं टाकलं.

पुढच्या मंगळवारी सकाळी ती आली. मी माती तुडवत होतो, गुडघ्यापर्यंत चिखल. दारात एक म्हातारी उभी. फुलाफुलांचा जुना फ्रॉक, पायात कॅनव्हासचे बूट, एका हातात छत्री आणि दुसऱ्या हातात कागदात गुंडाळलेली मेणबत्ती. आता ही इंग्रजी बोलणार, या विचारानं मी आधीच अवघडलो.

"मिस्त्री, सांत आंतोन इथंच आणला ना?" ती म्हणाली. "दाखव मले."

फ्रॉकमधल्या बाईच्या तोंडून असं आमच्यासारखं बोलणं ऐकून मी बघतच राहिलो. ती मूळची गोव्याकडची. लग्न होऊन नागपुरात आली त्याला चाळीस वर्षं झाली होती. नवरा रेल्वेत मालगाडीचा गार्ड होता. हे सगळं मला नंतर कळलं. त्या दिवशी तिनं पोतं उचललं आणि तिचा चेहरा उतरला.

"काहून गा असा झोपवला त्याले? बिमार आहे का तो?"

"हात तुटला आहे बाई त्याचा," वडील कोपऱ्यातून म्हणाले.

"हात तुटला तं माणूस उभा राहत नाही का?"

वडील हसले. आपला थरथरता हात मांडीवर धरून कितीतरी महिन्यांनी ते हसले. "उभं कर रे त्याले," मला म्हणाले.

मूर्तीचा तळ एका बाजूनं फुटला होता, ती उभी राहीना. शेवटी लाकडी खांबाला टेकवून कमरेशी सुतळीनं बांधली. म्हातारीनं रंगाचा एक रिकामा डबा पालथा घातला, त्यावर मेणबत्ती लावली आणि तिथंच जमिनीवर गुडघे टेकले. सगळीकडे तणस पसरलेलं. मी घाबरून पाण्याचं घमेलं आणून शेजारी ठेवलं. ती जपमाळ ओढत राहिली, मी माती तुडवत राहिलो. अर्ध्या तासानं उठली तेव्हा तिच्या गुडघ्यांना माती लागली होती. ती तिनं झटकली नाही.

"आता पुढच्या मंगळवारी येतो," ती म्हणाली.

"आंटी, चर्चमध्ये दुसरी मूर्ती नाही का?" मी विचारलं. मला ही कटकट नको होती.

"फादरनं फोटो लावला तिथं. फोटोसमोर मन नाही लागत." मग तिनं मला समजावून सांगितलं. सांत आंतोनचे तेरा मंगळवार करायचे असतात, त्याच्या सणाच्या आधी. दोन चर्चमध्ये झाले होते. एक जरी मोडला तरी पुन्हा पहिल्यापासून धरावे लागतात. मंगळवारच का, तर मेल्यावर त्याला मंगळवारी पुरलं आणि त्या दिवशी कितीतरी दुखणेकरी बरे झाले, असं सांगतात.

मी मनात हिशेब केला. अकरा मंगळवार ही बाई इथं येणार होती.

तुटलेला हात नव्यानं घडवायचा होता, पण त्या हातात काय होतं ते फादरना सांगता येईना. ते नुकतेच बदलून आले होते. म्हातारीला विचारलं तर ती लगेच म्हणाली, "लिलीचं फूल. पांढरं." लिली मी पाहिलेली नव्हती. "निशिगंधावानी, पण मोठं, भोंग्यावानी तोंड असलेलं," ती म्हणाली. पुढच्या खेपेला जपमाळेच्या डबीत ठेवलेलं एक चित्र घेऊन आली. त्यावरून मी हात केला, फूल केलं.

ती बोलायची ती माझ्याशी नाही, वडिलांशी. जप झाला की माठातलं पाणी पिऊन दाराशी टेकायची आणि सांगत बसायची. या आंतोनचं बोलणं फार गोड होतं, पण एका गावातली माणसं त्याचं ऐकेनात. मग तो नदी समुद्राला मिळते तिथं गेला आणि मासोळ्यांशी बोलू लागला. मासोळ्यांनी पाण्यातून डोकी वर काढली. बारक्या पुढं, मोठ्या मागं, शाळेतल्यासारख्या रांगेत. बोलणं संपेस्तोवर एकही हलली नाही.

वडिलांना खेचराची गोष्ट जास्त आवडली. एका माणसानं पैज लावली की माझं खेचर तुझ्या प्रसादाला मान देईल तर मी मानीन. तीन दिवस त्यानं खेचराला उपाशी ठेवलं. चौथ्या दिवशी एका बाजूला चारा आणि दुसऱ्या बाजूला हातात प्रसाद घेतलेला आंतोन. खेचरानं चाऱ्याकडे पाहिलं नाही. आंतोनसमोर जाऊन पुढचे पाय मुडपले आणि बसलं.

"बैल असता तं मानलं असतं मी," वडील म्हणाले. जन्मभर पोळ्याचे बैल केलेला माणूस. "खेचराचा काही भरोसा नाही बाई."

"भरोसा नाही म्हणूनच तं गोष्ट सांगतात," म्हातारी म्हणाली.

आणि मग पुस्तकाची गोष्ट. आंतोनचं प्रार्थनेचं एक पुस्तक होतं, स्वतःच्या हातानं त्यात खुणा केलेलं. मठातला एक नवशिका संन्यासी मठ सोडून पळाला, जाताना ते पुस्तक घेऊन गेला. आंतोननं देवाजवळ ते मागितलं. त्या चोराला वाटेत असा काही धाक पडला की तो उलट पावली आला, पुस्तक पायाशी ठेवलं आणि मठातच राहिला. तेव्हापासून हरवलेलं काहीही असो, लोक सांत आंतोनला मागतात.

"तुमचं काय हरवलं?" मी विचारलं. हात कामातच होते, सहज विचारलं. ती छत्री उचलून निघून गेली.

उत्तर पुढच्या मंगळवारी आलं. ती एका उंच म्हाताऱ्याला मनगटाला धरून घेऊन आली. स्वच्छ पांढरा सदरा, खाकी पँट, खिशात शिट्टी. चेहरा देखणा, पण डोळे कुठंच टेकत नव्हते. एकदा छपराकडे, एकदा हौदाकडे, एकदा माझ्याकडे.

"याले घरी एकटं ठेवता येत नाही आता," ती म्हणाली. "काल दरवाज्याची कडी काढून गेला. धरमपेठेत सापडला. लोकांनी आणून देल्ला."

म्हाताऱ्यानं तिच्याकडे पाहून अदबीनं विचारलं, "सिस्टर, ये गाड़ी कब छूटेगी?"

"छूटेगी," ती म्हणाली. मग आमच्याकडे न बघता बोलली, "तो मले सिस्टर म्हणते. दवाखान्यातली नर्स समजते. तीन वर्षं झाली. सांत आंतोनले म्हटलं, तू चाबी शोधून देल्ली, अंगठी देल्ली, एकदा बँकेचं पुस्तक देल्लं. आता हा दे."

वडिलांनी आपल्या शेजारचं पोतं झटकलं आणि त्या म्हाताऱ्याला बसवलं. त्याचे हात सतत काहीतरी चाचपत होते, सदऱ्याची बटणं, पँटची शिवण. वडिलांनी मळलेल्या मातीचा एक गोळा त्याच्या हातात दिला. त्यानं तो दाबला, पुन्हा दाबला. हळूहळू त्याचे डोळे छपरावरून उतरून त्या मातीवर आले. दोघं म्हातारे शेजारी बसले, एकाचा हात थरथरत होता आणि दुसऱ्याला आपले हात कोणाचे तेच माहीत नव्हतं. माझ्या वडिलांनी त्या वर्षी मातीला हात लावायचं सोडलं होतं. त्या दिवशी त्यांनीही एक गोळा घेतला.

मी कामात होतो. थोड्या वेळानं लक्ष गेलं तर म्हातारी मेणबत्तीसमोर नव्हती. मागच्या भिंतीशी पोत्यांच्या थप्पीवर ती आडवी झाली होती, बूट पायात तसेच, तोंड थोडं उघडं. ती झोपली होती. जप अर्धाच राहिला होता, माळ बोटांत अडकलेली. माझ्या बायकोनं चहा आणला, मी खुणेनं नको म्हटलं. दोन तास ती तशीच झोपली. उठली तेव्हा आधी घाबरून नवऱ्याला शोधू लागली. तो तिथंच होता, त्याच्यासमोर मातीच्या गोळ्यांची एक ओळ लागली होती.

"मंगळवार मोडला का गा माझा?" तिनं मला विचारलं. जणू मी फादरच.

"मेणबत्ती पूर्ण जळली ना," मी म्हटलं.

मग ती त्याला घेऊनच येऊ लागली, मंगळवारी आणि मधल्या वारीही. एप्रिल संपला, मे लागला. टिनाखाली जीव नकोसा व्हायचा, दारावर ओली पोती टांगून आम्ही काम करायचो. ती यायची, मंगळवार असेल तर जप करायची, नसेल तर सरळ पोत्यांवर जाऊन पडायची. मला आधी राग यायचा. गणपतीचे साचे भरत होतो, पाठ मोडून यायची, आणि इथं एक बाई घोरते आहे, एक म्हातारा माझी मळलेली माती घेऊन गोळे करतो आहे. पण वडील जेवायला वेळेवर बसू लागले होते. रागाचं बोलायचं कोणाजवळ?

एकदा मी तिला विचारलं, "आंटी, तेरा मंगळवार झाले की हे बरे होतील, असं खरंच वाटतं तुम्हाला?"

तिनं जपमाळ डबीत ठेवली. मग म्हणाली, "हरवलेली वस्तू तो देते. हा तं माझ्यासमोर बसला आहे. याले हरवला म्हणायचं का नाही, तेच मले समजत नाही. सांत आंतोनले तरी कसं समजन?"

मेच्या शेवटी मी रंगाला हात घातला. जुना रंग खरवडला तर एकाखाली एक पाच थर निघाले. ज्याला जसं जमलं तसं त्यानं रंगवलं होतं. सगळ्यात खाली झगा तपकिरी निघाला, काळा नव्हताच. भेग भरली, नाक नवं केलं. चेहऱ्यावरची मेणबत्त्यांची काजळी काढली, डावी भुवई कोणीतरी खाली ओढली होती ती सरळ केली. उजव्या पायाची बोटं वर्षानुवर्षं लोकांचे हात लागून झिजून सपाट झाली होती, ती पुन्हा घडवली, नखांसकट. डोळे मी सकाळच्या उजेडात काढले. तेव्हापर्यंत केलेलं माझं सगळ्यात चांगलं काम ते. फादर येऊन पाहून गेले, खूश झाले. "ऐसा तो मैंने कभी देखा ही नहीं," म्हणाले.

मंगळवारी म्हातारी आली. मी ब्रश पुसत बघत राहिलो. ती मूर्तीसमोर उभी राहिली. मेणबत्ती लावली नाही. वाकून तिनं मूर्तीच्या उजव्या पायावर हात ठेवला, अंगठ्यानं काहीतरी शोधलं, आणि हात मागे घेतला.

"चांगला केला," ती म्हणाली. "फार सुंदर केला."

"मग?"

"हा मले ओळखत नाही."

एवढं बोलून ती पोत्यांवर जाऊन बसली. झोपली नाही, नुसती बसली. त्या दिवशी तिचा जप झाला की नाही मला माहीत नाही. माझं डोकं तापलं होतं. पाच थर खरवडताना माझ्या बोटांची सालं निघाली होती.

ती गेल्यावर वडील म्हणाले, "बोटं घासून टाक त्या पायाची."

"फादरनं पास केलं आहे काम."

"फादर बदलीवर जातात. ते बाई इथंच राहते."

मी त्यांच्याशी भांडलो. वयाच्या एकतिसाव्या वर्षी, थरथरत्या हाताच्या बापाशी, मूर्तीच्या पायाच्या बोटांवरून भांडलो. दुसऱ्या दिवशी मी काचपेपर घेतला आणि घासायला बसलो. आधी नखं गेली, मग बोटांमधल्या फटी. चेहऱ्यावर कोऱ्या चहासारखा पातळ रंग फिरवून कापडानं पुसला, तेव्हा तो जरा जुना दिसू लागला. सरळ केलेली भुवई पुन्हा खाली आणायला अर्धा दिवस गेला. डोळ्यांना मात्र मी हात लावला नाही.

पुढच्या मंगळवारी तिनं पायाला हात लावला. डोळे मिटून चाचपून पाहिलं.

"अजून थोडं घास," म्हणाली. "अंगठा एवढा नव्हता."

मला हसू आलं. तिच्यासमोरच घासला. मग तिनं आपली बोटं ओठांना लावली, त्या पायाला लावली आणि कागदातली मेणबत्ती काढून पेटवली. शेवटचा मंगळवारही आमच्या खोलीतच पार पडला. काही घडलं नाही. म्हातारा गोळे करत होता. निघताना त्यानं तिला विचारलं, "सिस्टर, आपका घर किधर है?" आणि ती म्हणाली, "तुमच्याच बाजूले."

सणाच्या दिवशी मी चर्चमध्ये गेलो. मूर्ती आदल्या दिवशी ठेल्यावरून नेऊन मीच बसवली होती, तरी फादर म्हणाले होते, या. मी सगळ्यात मागे भिंतीशी उभा राहिलो, हात जोडावे की नाही ते कळत नव्हतं. गर्दी खूप होती. मदरासी, गोव्याचे, केरळचे, आमच्यासारखेही दिसणारे काही. प्रार्थना झाल्यावर पावाच्या टोपल्या आल्या. सांत आंतोनच्या नावानं गरिबांना पाव वाटतात, त्या दिवशी सगळ्यांनाच देत होते. लोक रांगेनं मूर्तीपाशी जात होते, पायाला हात लावत होते. कोणी म्हणालं नाही की मूर्ती नवी दिसते.

त्या गर्दीत म्हातारा हरवला.

आधी आवारात शोधलं, मग रस्त्यावर. पाच-सहा पोरं सायकली घेऊन निघाली, मीही निघालो. स्टेशनावर गेलो, कारण त्याच्या तोंडी नेहमी गाडी. मालधक्क्यावर गेलो, अजनीच्या स्टेशनाकडे जाऊन आलो. जूनचं ऊन, अंगातून पाणी गळत होतं. दोन तासांनी परत आलो तर म्हातारी चर्चच्या पायरीवर बसलेली, मांडीवर रुमालात दोन पाव. ती कुठंच गेली नव्हती.

"आंटी, तुम्हाला काही सुचतं का, कुठं गेले असतील?"

"मी थकली आता," ती म्हणाली. "तुम्ही पहा."

मला ते ऐकून धक्का बसला. नवरा हरवला आहे आणि ही पायरीवर बसून आहे. मला तेव्हा तिशीचं शहाणपण होतं. तीन वर्षं रोज दाराची कडी राखणं म्हणजे काय, ते माझ्या अंगावर आलं नव्हतं.

मग आमच्या बाजूच्या गल्ल्या बघत, पाणी प्यायला आणि टायरमध्ये हवा भरायला मी घरी गेलो. कारखान्यात वडील बसले होते आणि त्यांच्या शेजारी, आपल्या नेहमीच्या पोत्यावर, म्हातारा. दोघांत एक आंबा कापून ठेवलेला.

"हे इथं कसे?"

"कसे म्हणजे?" वडील म्हणाले. "कवाचेच आले. एकटेच आले. म्हटलं बाई मागून येत असन."

चर्चपासून चितार ओळ चांगली तीन-चार मैल. मधे रेल्वेचा पूल, बाजार, गल्ल्या. ज्याला स्वतःच्या घराची गल्ली सापडत नव्हती, तो माणूस एवढं चालून बरोबर आमच्या दारात आला होता. मी पुन्हा सायकल मारत चर्चला गेलो आणि ओरडूनच सांगितलं, "सापडले! आमच्याकडे आहेत!"

लोकांनी छातीवर क्रॉस केला, कोणी टाळ्या वाजवल्या. म्हातारीनं मान वर केली.

"बरं," ती म्हणाली. "जेवला का तो?"

फादरनी पुढच्या रविवारी ही गोष्ट सगळ्यांना सांगितली म्हणे. सणाच्याच दिवशी, सांत आंतोननं हरवलेला माणूस आपल्या मूर्तीच्या कारागिराच्या घरी पोचवला. काही लोक आमचा कारखाना बघायलाही येऊन गेले. तो खांब दाखवा म्हणाले, जिथं मूर्ती बांधली होती. एका बाईनं खांबाची ढलपी मागितली. मी दिली नाही, छप्पर त्यावर होतं.

मी म्हातारीला म्हटलं, "लोक चमत्कार म्हणतात."

"म्हणू दे," ती म्हणाली. "तुझ्या वडिलांची आठवण राहिली त्याले. माझी नाही राहिली. यात सांत आंतोनचा काही दोष नाही. त्यानं जेवढं सापडलं तेवढं देल्लं."

पुढे दसऱ्यापर्यंत दोघं येत राहिले. आता तिथं मूर्ती नव्हती, मंगळवारही नव्हते. गणपतीच्या ऐन धांदलीत पोत्यांवर झोपायला जागा उरली नाही, तेव्हा वडिलांनी तिला आमच्या आतल्या खोलीत चटई टाकून दिली. बायको सुरुवातीला कुरकुरली, मग तीच पंखा लावून द्यायची. दिवाळीच्या आधी म्हाताऱ्याला ताप आला आणि चार दिवसांत तो गेला. शेवटपर्यंत तो तिला सिस्टरच म्हणाला.

त्यानंतर मी पुष्कळ संत दुरुस्त केले. फादरांनी फादरांना सांगितलं, कामठीहून, अमरावतीहून मूर्ती येऊ लागल्या. ताटलीत स्वतःचे डोळे घेऊन उभी असलेली लुसी, मांडीवरची जखम दाखवणारा रोक आणि त्याला पाव आणून देणारं कुत्रं, अंगभर बाण लागलेला सेबास्टियन. डोळे दुखणारे लुसीला मागतात, साथीच्या रोगात लोक रोकला. कामाला हात लावायच्या आधी मी विचारायचो, याच्या पायाला कोण हात लावतं, त्याला बोलवा. ऐंशीनंतर फायबरच्या मूर्ती तयार मिळू लागल्या, हलक्या आणि सगळ्या एकाच चेहऱ्याच्या, आणि ते काम आपोआप थांबलं. वडील त्याच्या आधीच गेले.

पण म्हातारीचं शेवटचं काम मला सांगायचं आहे. नवरा गेल्यानंतरच्या दुसऱ्या उन्हाळ्यात ती आली. एकटीच, छत्री घेऊन. कबरीवरच्या लाकडी क्रॉसवरची अक्षरं धुऊन गेली होती. ती पुन्हा लिहून देशील का, म्हणाली. ती आता बहिणीकडे गोव्याला राहायला जाणार होती.

मी रंगाची डबी आणि दोन ब्रश घेऊन तिच्याबरोबर गेलो. दुपार होती, कब्रस्तानात आम्हा दोघांशिवाय कोणी नव्हतं. क्रॉस काळा करून घेतला, वाळू दिला, मग पांढऱ्या रंगात नाव लिहिलं. खाली मेला ती तारीख लिहिली. जन्माची तारीख विचारली तर ती गोंधळली. तिला ती माहीत नव्हती. "मी कधी विचारलंच नाही," ती म्हणाली. "नंतर विचारलं असतं तं त्याले कुठं माहीत होतं." मी ती जागा कोरी ठेवली.

"आंटी, सांत आंतोनवर राग नाही ना?" मी विचारलं.

"राग काहून? त्याच्याजवळ किती लोक मागत असतील." ती क्रॉसकडे बघत होती. "दररोज सकाळपासून लोक सांगत राहतात, माझं हे हरवलं, माझं ते हरवलं. थकत असन तोही."

ब्रश धुवायला तिनं नळावरून डब्यात पाणी आणलं. मी निघायला लागलो तर म्हणाली, "एवढ्या उन्हात कुठं जातो? बस थोडा." कडुनिंबाखाली एक तुटका दगडी ओटा होता. त्यावर आम्ही दोघं बसलो. तिनं बूट काढून पाय लांब केले. मीही चपला काढल्या. रंग वाळेपर्यंत आम्ही तसेच बसून राहिलो.